पंचांग घेऊन मालवणला

सोलापूरच्या माणसाने कोकणची ट्रिप किलोमीटर मोजून ठरवू नये, तिथी बघून ठरवावी, असं माझं ठाम मत आहे. घरात सध्या या मताला एकच मत पडलंय. माझं.

झालंय असं की यंदा गड्ड्याची जत्रा संपली की फेब्रुवारीत चार दिवस समुद्रावर जायचं घाटतंय. भाच्याने लगेच यादी करून पाठवली. पन्हाळा, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, सिंधुदुर्ग, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला, रेडी, आणि शेवटी "जमलं तर गोवा". 11 जुलै 2025 ला युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन आपल्या एकाच रस्त्यावर पडतात. म्हणजे तीन खुणा एका दमात! वारसा जाहीर झाल्याचा आनंद मलाही आहे, पण किल्ले म्हणजे किराण्याची यादी नव्हे.

हिशोब साधा आहे. सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर, तिथून घाट उतरून मालवण. सगळं मिळून 400 किलोमीटरच्या आसपास. सांगलीपर्यंतचा रस्ता चौपदरी झाल्यापासून पुष्कळ सुधारलाय, पण जाण्या-येण्यात दोन दिवस जातातच. उरले दोन. त्या दोन दिवसांत ही यादी उरकायची म्हणजे समुद्र गाडीच्या काचेतून बघायचा आणि ढाब्यावर जेवायचं.

आणि गाडीत आई आहे. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, आणि समुद्र पाहिलाय तो एकदाच, मुंबईला चौपाटीवर, तोही गर्दीच्या डोक्यांवरून. तिला बाकी काही नको, "तो पाण्यातला किल्ला आणि महाराजांचं देऊळ" एवढंच बघायचंय. सिंधुदुर्गाची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 ची. कुरटे बेटावर पायात शिसं ओतून उभा केलेला हा किल्ला. दरवाजा असा आडोशाला ठेवलाय की अगदी जवळ जाईतो दिसत नाही. आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, चारही बाजूंना खारं पाणी असताना. आणि राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. हे तासाभरात "करून" परत यायचं? सत्तरीच्या बाईला घेऊन? नाही जमणार. सकाळ तिच्या नावावर लिहून द्यायची.

आता तिथीचं. आपल्याकडे पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, नाहीतर उजनी. सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी. समुद्र असा बसून राहत नाही हे आपल्याला पुस्तकातून माहीत असतं, अंगात मुरलेलं नसतं. कोकणातली जुनी माणसं एक हिशोब सांगतात: पंधरवड्यातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे भरती सहाला, ओहोटी बाराला. एकादशीला सव्वाआठची भरती, दुपारी सव्वादोनची ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराला. पौर्णिमा उलटली की पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ हल्ली फोनवर मिळते. पण दोन महिने आधी घरात बसून तारीख निवडायला याच्याइतकं सोपं काही नाही. आणि गंमत म्हणजे ज्या पंचांगात ही तिथी बघायची ते दाते पंचांग गेली शंभरावर वर्षं आपल्या सोलापुरातून निघतंय! समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात.

मी पौर्णिमेनंतरची तृतीया धरली आहे. भरती दुपारी सव्वादोनच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या आसपास. उधाणाचे दिवस नुकतेच उलटलेले असतात, त्यामुळे पाणीही बऱ्यापैकी लांब जातं (अष्टमीच्या भांगाला एवढं जात नाही). भाच्याला पद्मगडावर चालत जायचंय, दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीला जाता येतं, त्याने सकाळी जावं. आधी तिथल्या एखाद्या माणसाला विचारावं आणि पाणी फिरायच्या आत परत यावं. आईची होडी त्यानंतर, पाणी चढू लागल्यावर. होडीत चढताना-उतरताना पाय किती उंच टाकावा लागतो हे पाण्यावर असतं, आणि सत्तरीच्या गुडघ्याला हा फरक कळतो.

हे सगळं जास्तच होतंय असं मेहुण्यांचं म्हणणं. "समुद्र काय पळून जातोय का?" जातो ना, दिवसातून दोनदा! आणि जाताना माणसांना घेऊन जातो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीच्या वेळी पाण्याला जी ओढ असते, ती विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाच्या हिशोबातच नसते. वरून पाणी शांत दिसतं, कमरेएवढं असतं, आपण हसत हसत आत जातो. 24 मे 2022 ला तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. आणि लांब कशाला, 21 मे 2024 ला आपल्याच उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. म्हणून माझ्या दोन अटी आहेत. लाइफ जॅकेट सगळ्यांना, बंद लावलेलं, फोटोपुरतं नव्हे. आणि संगमाजवळ कोणीही पाण्यात उतरायचं नाही. यावर चर्चा नाही. रुसायचं त्याने खुशाल रुसावं.

माशांचंही तसंच. आमच्या मंडळींना मासा म्हणजे उजनीची चिलापी किंवा मरळ, बारा महिने मिळणारी. समुद्राचं तसं नाही. राज्यात 1 जूनपासून पावसाळी बंदी, किल्ल्याच्या होड्याही पावसात बंद. म्हणजे जूनमधलं स्वस्त हॉटेल बघून हुरळून जाणाऱ्याने बर्फातली सुरमई खायची तयारी ठेवावी. फेब्रुवारीतसुद्धा "पापलेटच पाहिजे" म्हणून अडून बसू नये. पापलेट 2023 साली राज्याचा मासा झाला आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांना पकडण्याची किमान लांबी ठरली. तेव्हा ताटात तळहातापेक्षा लहान पापलेट आलं तर खूश होण्यासारखं काही नाही. आज काय आलंय ते विचारावं. बांगडा आला असेल तर बांगड्याचं तिखलं, तिसऱ्या असतील तर तिसऱ्या. आई शाकाहारी, पण तिची काळजी नको. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, सोलकढी, आणि नशीब असेल तर ओल्या काजूची उसळ. मला तर वाटतं तीच सगळ्यांत चांगलं जेवेल.

तर माझा बेत असा: फोंडा घाटाने उतरायचं, तिन्ही रात्री मालवणातच काढायच्या. परतताना पहाटे निघून विजयदुर्ग, तिथून तळेरे, वैभववाडी, गगनबावडा. घाट चालू आहे ना ते आदल्या दिवशी विचारून घ्यायचं. विजयदुर्गाला आपला रामराम घडायलाच हवा, एके काळी सोलापूरच्या भुईकोटासारखाच तोही आदिलशहाकडे होता. (हेलियमचा शोध तिथे लागला असं कुणी सांगितलं तर मान डोलवा, पण मनावर घेऊ नका. 1868 च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर साहेब इंग्लंडात होते.) पन्हाळा शनिवार-रविवारी वेगळा होतो. गोवा बाद.

एकच अडचण आहे. आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा साधारण याच दिवसांत येते, तिला ठरलेली तिथी नाही, गावकरी देवीचा कौल घेऊन तारीख ठरवतात. त्या दिवसांत मालवणात खोली मिळणं कठीण. ती तारीख कळली की आमची पक्की करून कळवतो. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, पुण्याच्या मंडळींनी लवकर सांगावं. येणाऱ्याने कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणू नये. आई पिशवी भरूनच बसली आहे.