विश्लेषण : फिरायला जाताना कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यावा, की हातातला फोनच पुरे?

मेगापिक्सलच्या आकड्यांना भुलून दरवर्षी अनेक जण पर्यटनाआधी कॅमेरा घेतात आणि परतल्यावर पस्तावतात. मग छोटा कॅमेरा घ्यायचा कशासाठी आणि निवडायचा कसा?

माझी आत्या गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आणि मैत्रिणींबरोबर काश्मीरला गेली. जाण्याआधी तिने साडेसहा हजार रुपयांचा एक डिजिटल कॅमेरा ऑनलाइन मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘४८ मेगापिक्सल, १६ एक्स झूम, फोर-के’ असे छापलेले होते. आठ दिवसांनी परतल्यावर तिने फोटो दाखवले. शिकाऱ्यातले चेहरे पुसट, चिनारांची पाने म्हणजे नुसता तांबडा लगदा. ‘अगं, मलाच धड काढता येत नाहीत,’ ती म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून तिने तो कॅमेरा बॅगेतून बाहेरच काढला नव्हता.

मी ते फोटो लॅपटॉपवर उघडून पाहिले. चूक तिची नव्हती, कॅमेऱ्याचीच होती. पैसे गेले ते गेलेच. पण चाळीस वर्षांनी एकदा केलेल्या सहलीचे फोटोही गेले. म्हणून हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा.

कॉम्पॅक्ट कॅमेरे पुन्हा चर्चेत का?

जपानी कॅमेरा उत्पादकांच्या ‘सीपा’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये या कंपन्यांनी जगभरात १० कोटींहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे पाठवले होते. २०२३ मध्ये हा आकडा २० लाखांच्याही खाली आला. मधल्या काळात स्मार्टफोनने ही बाजारपेठ गिळली. कॅसिओने २०१८ मध्ये कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतून काढता पाय घेतला.

गेल्या काही वर्षांत मात्र वारे थोडे फिरले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या फुजीफिल्मच्या ‘एक्स-१०० सिक्स’साठी अनेक देशांत प्रतीक्षायादी लागली. समाजमाध्यमांमुळे २०१९ च्या कॅननच्या ‘जी-७ एक्स मार्क थ्री’लाही नव्याने मागणी आली. या लाटेवर स्वार होऊन नाव नसलेले, फक्त आकडे असलेले स्वस्त कॅमेरेही ऑनलाइन दुकानांत भरले आहेत. आत्याचा कॅमेरा त्यांपैकीच एक.

मेगापिक्सलचा आकडा का फसवतो?

मेगापिक्सल म्हणजे फोटोत किती दशलक्ष ठिपके आहेत, एवढेच. ते ठिपके किती चांगले आहेत, हे त्यातून कळत नाही. स्वस्त कॅमेऱ्यांत सेन्सर कमी क्षमतेचा असतो आणि सॉफ्टवेअर मधले ठिपके अंदाजाने भरून आकडा फुगवते. दुधात पाणी घालून पातेले भरण्यातलाच हा प्रकार. ‘१६ एक्स डिजिटल झूम’ही तसाच. तो म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणे. ते काम फोनवर दोन बोटांनीही होते.

मुळात गरज किती असते? ४ बाय ६ इंचांच्या चांगल्या प्रिंटसाठी सुमारे २.२ मेगापिक्सल पुरतात, तर ए-४ आकारासाठी ८.७. आज बाजारातला कोणताही नामांकित कॅमेरा याच्या पुढेच आहे. त्यामुळे खोक्यावरचा हा आकडा बघायचाच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘एक इंच’ सेन्सर म्हणजे नेमके काय?

बघायचा तो सेन्सरचा आकार. सेन्सर म्हणजे प्रकाश झेलणारी पट्टी. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर जास्त पाणी परातीत जमते. प्रकाशाचेही तसेच.

यातली गंमत अशी की ‘एक इंच’ म्हटला जाणारा सेन्सर एक इंचाचा नसतोच. तो १३.२ बाय ८.८ मिलीमीटर असतो. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ही मापे पडली आणि तशीच राहिली.

क्षेत्रफळ काढले की चित्र स्पष्ट होते. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतला ‘१/२.३ इंच’ सेन्सर सुमारे २८ चौरस मिलीमीटरचा. महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातला साधारण ७० च्या आसपास. एक इंचवाला ११६. आणि फुजीच्या ‘एक्स-१००’ मालिकेत किंवा रिकोच्या ‘जीआर’मध्ये असलेला ‘एपीएस-सी’ सेन्सर सुमारे ३७० चौरस मिलीमीटरचा. म्हणजे साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर आज चांगल्या फोनपेक्षाही लहान आहे. त्यात फोनकडे वेगवान प्रोसेसर आहे, तो एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. लहान सेन्सरचा आणि कमी झूमचा कॅमेरा फोनपुढे हरतो तो इथे.

फोन कुठे जिंकतो, कुठे हरतो?

अजिंठ्याचे उदाहरण घ्या. तिथे चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅश वापरायला बंदी आहे आणि लेण्यांत उजेड मंद असतो. इथे कॅमेराच हवा, असे वाटेल. पण भिंतीवरचे चित्र हलत नाही. फोनचा ‘नाइट मोड’ अनेक फोटो एकावर एक रचतो आणि हात स्थिर असेल तर उत्तम फोटो देतो.

आता रात्रीच्या विसर्जन मिरवणुकीतले ढोल-ताशा पथक घ्या. टिपरू हवेत आहे, झांजा फिरत आहेत. अनेक फोटो रचायला गेले की हात पुसट होतात, कारण प्रत्येक फोटोत ते वेगळ्या जागी असतात. इथे एकाच झटक्यात पुरेसा प्रकाश घ्यावा लागतो. मोठा सेन्सर आणि मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स इथे कामाला येते. अ‍ॅपर्चरचा ‘एफ’ आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. एफ १.८ ची लेन्स एफ २.८ च्या तुलनेत सुमारे अडीचपट प्रकाश आत घेते.

थोडक्यात, उजेडातली निसर्गदृश्ये, जेवणाचे ताट, घोळक्याचा फोटो यांसाठी फोन पुरेसा आहे. अंधारात हलणारी माणसे आणि लांबचे दृश्य, या दोन गोष्टींसाठी कॅमेरा.

झूम किती हवा?

खरा झूम ऑप्टिकल, म्हणजे लेन्सची भिंगे पुढे-मागे सरकून होणारा. कॅननच्या जी-७ एक्स मार्क थ्रीमध्ये तो २४ ते १०० मिमी आहे आणि अ‍ॅपर्चर एफ १.८ ते २.८. सोनीच्या ‘आरएक्स-१०० सेव्हन’मध्ये २४ ते २०० मिमी, पण अ‍ॅपर्चर एफ २.८ ते ४.५. दोघांचे वजन सुमारे ३०० ग्रॅम, सेन्सर एक इंचाचाच. पोहोच वाढली की प्रकाश घटतो, हा सौदा प्रत्येक छोट्या कॅमेऱ्यात असतो. वारीतले रिंगण कड्याबाहेर उभे राहून भरउन्हात टिपायचे असेल तर २०० मिमी उपयोगी. संध्याकाळच्या गल्लीबोळांत फिरायचे असेल तर कॅननची लेन्स सरस.

पॅनासॉनिकच्या ‘टीझेड-९९’सारख्या कॅमेऱ्यात झूम थेट ७२० मिमीपर्यंत जातो. ताडोबाच्या सफारीत मोबाइल वापरायला बंदी आहे. तिथे असा खिशातला कॅमेरा मोलाचा वाटतो. पण त्याचा सेन्सर ‘१/२.३ इंच’ आहे आणि पूर्ण झूमवर अ‍ॅपर्चर एफ ६.४. झाडावरचा पक्षी दुपारी टिपता येईल. वाघ पहाटेच्या अंधुक उजेडात दिसला तर फोटो ठिपक्याठिपक्यांचा येईल. हे माहीत असूनही घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा.

दुसऱ्या टोकाला झूमच नसलेले कॅमेरे. रिको ‘जीआर थ्री’ची लेन्स २८ मिमीवर, तर फुजी एक्स-१०० सिक्सची ३५ मिमीवर पक्की. दृश्य जवळ आणायचे तर पायांनी पुढे जायचे. रिको २५७ ग्रॅमचा, खरोखर शर्टाच्या खिशात मावणारा. फुजी ५२१ ग्रॅमचा, त्याला खिसा जॅकेटचाच लागतो.

पाऊस, धूळ आणि बुरशीचे काय?

आपल्याकडे फिरण्याचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो आणि नेमका तेव्हाच हा प्रकार नाजूक ठरतो. वर सांगितलेले कॅनन आणि सोनी पावसात भिजवायचे कॅमेरे नाहीत. चालू करताच बाहेर येणारी त्यांची लेन्स आत जाताना ओल आणि धूळही सोबत नेते. लेन्स निघत नसल्याने आत गेलेली धूळ घरी साफ करता येत नाही. हरिश्चंद्रगडावर जुलैत जायचे तर ‘ओएम सिस्टिम टीजी-७’सारखा, पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालणारा कॅमेरा बरा. मात्र त्याचा सेन्सर लहान आहे. तिथे आपण फोटोचा दर्जा नव्हे, टिकाऊपणा विकत घेतो.

कोकणात राहणाऱ्यांना आणखी एक शत्रू माहीत आहे : बुरशी. कपाटात बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर पावसाळ्यात जाळे धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, हा शे-दोनशे रुपयांचा उपाय हजारो रुपये वाचवतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे कॅमेरा वापरत राहणे.

बॅटरीचेही गणित आधी करावे. प्रमाणित चाचणीनुसार रिको जीआर थ्री एका चार्जमध्ये सुमारे २००, तर सोनी सुमारे २६० फोटो देतो. दिवसभरासाठी एक जादा बॅटरी हवीच. विमानात सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत. त्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात.

जुना किंवा ‘ग्रे’ कॅमेरा घ्यावा का?

नामांकित कंपनीचा एक इंच सेन्सरचा नवा कॅमेरा साधारण पाऊण लाखाच्या घरात सुरू होतो. फुजीसाठी दीड लाखाच्या पुढे मोजावे लागतात. म्हणून अनेक जण बिलाशिवाय, परदेशातून आलेला ‘ग्रे मार्केट’मधला कॅमेरा घेतात. दहा-पंधरा हजार वाचतात, पण भारतातली वॉरंटी मिळत नाही. लेन्सची मोटर बिघडली की वाचलेले पैसे तिथेच जातात. मी तरी बिलावाचून घेणार नाही.

जुना कॅमेरा हा त्यापेक्षा चांगला मार्ग आहे. सोनीची आरएक्स-१०० मालिका २०१२ पासून आहे आणि तिच्या पहिल्या कॅमेऱ्यातही एक इंच सेन्सर होता. घेताना स्वतःचे मेमरी कार्ड घेऊन जावे. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करून लेन्स अडकते का ते पाहावे. भिंगावर टॉर्च मारून बुरशी तपासावी. झूम पूर्ण ताणून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. सेन्सरवर धूळ असेल तर काळे डाग दिसतात.

मग काय घ्यावे?

माझा सल्ला तीन ओळींचा आहे. बजेट वीस हजारांच्या आत असेल तर नवा कॅमेरा घेऊच नये. ते पैसे प्रवासाचा एक मुक्काम वाढवायला वापरावेत. तीस-चाळीस हजार असतील तर एक इंच सेन्सरचा जुना पण तपासलेला कॅमेरा. त्याहून जास्त असतील तर गेल्या दोन सहलींचे फोटो आधी चाळून पाहावेत : जे नीट आले नाहीत ते अंधारामुळे, की अंतरामुळे? अंधार असेल तर मोठा सेन्सर, अंतर असेल तर झूम. दोन्हींत काहीच अडले नसेल, तर कॅमेऱ्याची गरज नाही, हेही उत्तरच आहे.

आणि दुकानात कॅमेरा हातात घेतल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा रोज बाहेर निघेल का? फोटो फोनवर आणायला अ‍ॅप, वायफाय, पासवर्ड अशी कसरत करावी लागते. ज्यांना तिचा कंटाळा येतो, त्यांचा दीड लाखाचा कॅमेराही आत्याच्या कॅमेऱ्यासारखा बॅगेतच राहतो.

आत्या येत्या जानेवारीत राजस्थानला निघाली आहे. नवा कॅमेरा कोणता घेऊ, म्हणून तिचा फोन आला होता. तिच्या गेल्या सहलीत फोनवर काढलेले फोटो आम्ही दोघींनी चाळले. ते चांगलेच होते. काही धुरकट होते ते लेन्सवर लागलेल्या बोटांच्या डागांमुळे. तिला चष्मा पुसायचा मऊ कपडा दिला आणि फोनचे भिंग रोज सकाळी पुसायला सांगितले. साठ फोटोंच्या प्रिंट काढून अल्बमही केला. मलाच धड काढता येत नाहीत, हे वाक्य त्यानंतर तिने उच्चारलेले नाही.