डोके, मेंदू आणि पहाटेची घंटा

मराठी माणूस मेंदूचे नाव क्वचित घेतो. त्याचे सारे डोक्यावर भागते. डोके चालते, फिरते, तापते. एखादा विषय डोक्यावरून जातो, तर एखादा माणूस डोक्यात जातो. मेंदू आठवतो तो बहुधा दुसऱ्याचा अपमान करताना, आणि तेव्हा तो गुडघ्यात असतो. ही भाषा मोठी गमतीची आहे. मात्र ‘याला डोकेच नाही’ हे वाक्य वर्गात उच्चारले गेले की गंमत संपते.

आपल्या समाजाला या वाक्याचा इतिहास ठाऊक आहे. विराट पुरुषाच्या मुखातून एक वर्ण आणि पायांतून दुसरा वर्ण निघाला, असे सांगणाऱ्या व्यवस्थेने डोके कोणाचे आणि राबणे कोणाचे, हे जन्मावरच ठरवून टाकले होते. पुढे शास्त्राच्या नावाने माणसांच्या कवट्या आणि नाके मोजली गेली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नाकांच्या त्याच मोजमापांचा आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश भिन्न नाही, असे दाखवून दिले. म्हणून निदान आपल्या वसतिगृहात तरी कोणा मुलाला ‘ढ’ म्हणू नये, असा आमचा आग्रह आहे.

विज्ञानही या आग्रहाच्या बाजूने आहे. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल, तर सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा उमेदवारांचे मेंदू प्रशिक्षणाच्या आधी व नंतर तपासण्यात आले. जे उत्तीर्ण झाले, त्यांच्या मेंदूतील स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला आढळला. ही मंडळी वयाने प्रौढ होती. मग तेरा वर्षांच्या मुलाविषयी अंतिम निकाल देणारे आपण कोण?

(येथे एक गोष्ट सांगून टाकतो. हे सारे बुद्धांनी आधीच सांगितले होते, असे काही वक्ते व्यासपीठावरून ठोकून देतात. महासतिपट्ठान सुत्तातील शरीराच्या ३१ भागांच्या यादीत मेंदू नाही. खुद्दकपाठातील ३२ भागांच्या यादीत ‘मत्थलुंग’ म्हणून तो येतो. धम्माला अशा उसन्या प्रमाणपत्राची गरज नाही.)

आता घंटेविषयी. पहाटे साडेचारची घंटा हा आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या अभिमानाचा विषय आहे. त्या घंटेने आम्हाला घडवले, असे अनेकजण सांगतात, आणि त्यांच्या शब्दावर आमचा अविश्वास नाही. परंतु किशोरवयात झोपेचे चक्रच पुढे सरकते. रात्री लवकर झोप येत नाही, हा त्या मुलांचा आळस नव्हे. १३ ते १८ या वयात ८ ते १० तासांची झोप हवी, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञांची २०१६ सालची शिफारस आहे. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू मुख्यतः झोपेतच करतो. रात्री अकराला दिवा मालवणारा मुलगा साडेचारला उठला, तर त्याची झोप साडेपाच तासांची होते. तो वंदनेला बसतो खरा, पण डोळे मिटतात ते ध्यानासाठी नव्हे.

यावर पालकांचे उत्तर ठरलेले असते : बाबासाहेब अठरा तास अभ्यास करीत. जयंतीनिमित्त होणारा सलग १८ तासांचा अभ्यास हे अभिवादन आहे आणि ते जरूर व्हावे. वर्षातून एक दिवस. तोच आकडा नववीतल्या मुलावर रोज लादणे ही वेगळीच गोष्ट झाली. शिवाय बाबासाहेबांना मधुमेह होता, प्रकृतीने त्यांना अखेरच्या वर्षांत किती छळले, हेही त्याच पालकांनी मुलांना सांगावे.

आमची सूचना अशी की, उठण्याची घंटा सहाला व्हावी, दिवे दहाला मालवावेत आणि वंदना साडेसहाला घ्यावी. सकाळचा अभ्यासाचा तास त्यामुळे जाईल. तो सायंकाळी, खेळानंतर आणि जेवणाआधी बसवता येतो. स्वयंपाकघरातील ताईंनाही मग न्याहारीसाठी इतक्या अंधारात चूल पेटवावी लागणार नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात या सूचनेला विरोध होईल, हे आम्ही धरून चाललो आहोत. ज्यांचा विरोध असेल, त्यांनी आदल्या रात्री वसतिगृहात मुक्काम करावा आणि पहाटे साडेचारला सातवीच्या खोलीत एक फेरी मारून मगच सभेत बोलावे.