थंबनेलवरचा वाघ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गोष्टीवर वाघ लावला की काम झालं, असा आपल्याकडे एक समज आहे. हॉटेलच्या पाटीवर वाघ, क्रिकेट टूर्नामेंटच्या बॅनरवर वाघ, कोचिंग क्लासच्या पॅम्प्लेटवरसुद्धा वाघ. त्यामुळे आम्ही चौघांनी मिळून पहिला व्हिडिओ गेम बनवला आणि तो स्टोअरवर टाकण्यासाठी छोटं चित्र, म्हणजे थंबनेल, करायची वेळ आली तेव्हा आम्ही फार डोकं चालवलं नाही. जबडा उघडलेला वाघ, मागे लाल आभाळ. झालं काम!

अडचण एकच होती. गेममध्ये वाघ नव्हताच.

आमचा गेम कोरपना तालुक्यातला, माझ्या गावाकडचा. थंडीची रात्र, हरभऱ्याचं वावर, मचाणावर एक माणूस. हातात बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा. अंधारात खसखस कुठून येते ते कान देऊन ऐकायचं आणि तिकडेच बॅटरी मारायची. उगाच चारी दिशांना मारत बसलात तर सेल संपतात आणि मग रोही, रानडुकरं निवांत जेवतात. सकाळी किती हरभरा उरला, तो तुमचा स्कोअर. माझे काकाजी दर हिवाळ्यात हीच जागल करतात. त्यांना कुणी स्कोअर देत नाही.

होस्टेलच्या एका सिनियरने गेम डाउनलोड केला. तिसऱ्या रात्रीपर्यंत खेळला आणि विचारलं, "वाघ कधी येते बे?" येत नाही म्हटल्यावर त्याने गेम डिलीट केला. मला आधी त्याचाच राग आला. नंतर लक्षात आलं की तो बिचारा आमचा गेम खेळतच नव्हता. तो वाघाची वाट बघत होता. रोही आला तरी त्याला वाटायचं, हा फक्त ट्रेलर आहे. थंबनेलने त्याला एक गेम सांगितला होता आणि आम्ही त्याच्या हातात दुसराच दिला होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. थंबनेल ही प्रोजेक्टच्या फाइलवर शेवटच्या रात्री चिकटवायची गोष्ट नाही. आपल्याकडे चार महिने कोडिंग आणि एक संध्याकाळ चित्राला, असा हिशोब असतो. "चित्र काय, कोणीही करेल" हे वाक्य आमच्या ग्रुपमध्ये मी स्वतः बोललेली आहे. आता वाटतं, ते चित्र आधी करून बघायला हवं. आपला गेम एका छोट्या चित्रात सांगता येत नसेल, तर बहुतेक तो आपल्यालाच अजून नीट कळलेला नसतो.

आणि छोटं म्हणजे किती छोटं? इच डॉट आयओवर कव्हरसाठी ६३० बाय ५०० पिक्सेलचं चित्र सुचवतात. स्टीमवर गेम टाकायला १०० डॉलर भरावे लागतात, ते काही आमच्या खिशात नव्हते, पण त्यांचे नियम मी वाचून काढले. त्यांचं सगळ्यात लहान चित्र ४६२ बाय १७४ चं मागतात आणि यादीत ते त्याहून कितीतरी लहान करून दाखवतात. त्यात गेमचं नाव जवळजवळ पूर्ण जागा व्यापेल इतकं मोठं ठेवा, असं ते स्वतःच सांगतात. आम्ही मात्र लॅपटॉपच्या पूर्ण स्क्रीनवर वाघाची एकेक मिशी रंगवत होतो! मोबाइलवर, टपाल तिकिटाएवढ्या आकारात तो वाघ कुणीतरी सांडलेल्या सांबारासारखा दिसत होता. आता आम्ही चित्र बोटाच्या नखाएवढं करतो, रंग काढून काळंपांढरं करतो, दहा दुसऱ्या गेमच्या चित्रांमध्ये ठेवतो आणि मेसमधल्या कुणालाही दोन सेकंद दाखवून विचारतो, "काय दिसलं?" उत्तर ऐकून बरेचदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नावाची गोष्ट जरा लाजिरवाणी आहे, पण सांगते. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मला नाव इंग्रजीच सुचलं: 'द नाईट वॉचर'. इंग्रजी नाव म्हणजे स्टँडर्ड, हे आमच्या डोक्यात केजीपासून भरलेलं. मराठी नाव घेऊ म्हणून मैत्रीण मागे लागली, तर मी 'रानडुकरांची रात्र' सुचवलं. ते स्क्रीनवर टाकलं आणि पहिल्यांदा कळलं की देवनागरीचा प्रश्न वेगळा आहे. रोमन कॅपिटल अक्षरं सगळी एका उंचीची, पट्टीत घट्ट बसतात. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार. या दोघांना जागा सोडली की मधल्या मूळ अक्षराच्या वाट्याला फार थोडी उंची उरते. लहान केल्यावर अनुस्वार तर ठिपका म्हणूनही दिसत नाही आणि 'त्र' चा चक्क डाग होतो. शेवटी काकाजी जो शब्द रोज वापरतात तोच घेतला: 'जागल'. वर काही नाही, खाली काही नाही, सगळी उंची अक्षरांचीच. माझ्या मराठीच्या पेपरात कधी कामी न आलेलं ज्ञान असं कामी आलं.

आता कुणी म्हणेल, गावातला गेम, गावातलं नाव, बघणार कोण? त्यांनी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' बघावा. २०१७ मध्ये सुरू झालेली छोटी कंपनी. सुरुवातीला किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवायला गेले, तर ठरवलेली रक्कम जमलीच नाही. तरी गेम पूर्ण झाला. २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसीवर, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, राजस्थानसारखे महाल, पहाडी चित्रांची छाप. नाव बघा, दोन अक्षरी. आपलं काही लपवून ते परदेशी गेले नाहीत. मी मात्र माझ्याच तालुक्याला इंग्रजी नाव देऊन वर वाघ बसवत होते.

जाहिरातीत थोडं वाढवून सांगायचंच असतं, असं आमच्यातला एक जण अजूनही म्हणतो. स्टीमने १ सप्टेंबर २०२२ पासून अशा चित्रांवर पुरस्कार, रिव्ह्यूचे मार्क, सवलत वगैरे लिहायला बंदी केली. गेमचं चित्र, नाव आणि असलंच तर उपनाव, एवढंच चालतं. पण नसलेला वाघ कोण पकडणार?

मला याचं उत्तर कृषी केंद्रात मिळालं. पावसाळ्याआधी बाबांसोबत गडचांदूरला बियाणं घ्यायला गेले होते. भिंतीवर कपाशीची पाकिटं ओळीने टांगलेली, हुबेहूब स्टोअरचं पान! प्रत्येकावर टेनिस बॉलएवढं फुटलेलं बोंड. एक आजोबा नाव न वाचता बोटाने दाखवत होते, "ते हिरवं द्या, मोठ्या बोंडावालं." आमचा गेम तर फुकट होता, सिनियरची फक्त अर्धी रात्र गेली. पाकिटावरचं बोंड खोटं निघालं तर त्या आजोबांचा अख्खा हंगाम जातो, आणि तेलंगणाच्या सीमेवर राहणाऱ्या आम्हाला 'चोरबीटी' हा शब्द कुणी समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी वाघ काढून टाकला.

नवीन थंबनेल असं केलं: पूर्ण काळोख, कोपऱ्यातून बॅटरीचा एक पिवळा झोत, त्यात जमिनीलगत चमकणारे दोन डोळे आणि वर 'जागल'. मेसमधल्या परीक्षेत पास झालं. मी अगदी खूश होऊन काकाजींना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल जवळ घेतला, लांब धरला.

"हे कोन होय?"

"रानडुक्कर, काकाजी."

"डुकराचे डोळे बॅटरीत असे चमकत नाही, बाई. हे रोह्याचे होय." मग जरा थांबून म्हणाले, "आन् रोही असन तं इतक्या खाली कसा काय? बसला हाय का तो?"

डोळे वर सरकवले. त्यामुळे ते नेमके नावात घुसले, म्हणून आता नाव खाली घेतोय.