वनपट्टा आहे, मग पीककर्ज का नाही?

दसरा उलटला की धडगाव तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवर मुकादमाच्या चकरा सुरू होतात. दिवाळी आणि अस्तंब्याची यात्रा आटोपली की माणसं निघतात. बार्डोली, सुरत, भरूच या भागात ऊस तोडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे कुडाच्या घरात म्हातारी माणसं, शेळ्या आणि कोंबड्या राहतात. शाळेच्या हजेरीपटावर नावं असतात, वर्गात पोरं नसतात.

सपाटीवरचे आपण लोक यावर सहज बोलून जातो, ‘यांना शेती करायचीच नाही, गुजरातेत पैसा दिसतो म्हणून जातात.’ वाचकहो, असं बोलण्याआधी एकदा जून महिन्यात चांदसैली घाट चढून वर जाऊन या. दरड पडलेली नसेल तर पोहोचाल. तिथं घरं एकमेकांना लागून नसतात. ज्याचं शेत तिथं त्याचं घर, आणि शेत म्हणजे डोंगराची उतरंड. पाऊस भरपूर पडतो, पण तो थांबत नाही. मातीसकट खाली नदीला जातो. ज्वारी, मका, तूर, उडीद, वरच्या हलक्या जमिनीत मोर, म्हणजे आपली भगर. पहिला पाऊस पडला की बियाणं, खत आणि बैलाचं भाडं या सगळ्याला आठ दिवसांत रोख पैसा लागतो. तो कोण देतो? बहुतेक वेळा दुकानदार देतो, नाहीतर मुकादम. मुकादमाच्या पैशाला उचल म्हणतात. जूनमध्ये घेतलेली उचल हिवाळ्यात उसाच्या फडात अंगाने फेडायची.

आता याचा शेतीवर काय परिणाम होतो ते बघा. ज्या नाल्याला पौष महिन्यापर्यंत पाणी असतं, त्याच्या काठावरही हरभरा पेरला जात नाही, कारण पेरायला माणूसच नाही. पावसाने फुटलेला दगडी बांध उन्हाळ्यापर्यंत तसाच राहतो, पुढच्या पावसात आणखी माती जाते, आणि उत्पन्न आणखी घटतं. मग उचल वाढवून घ्यावी लागते. आमच्या खात्याने बांधबंदिस्तीच्या कितीही योजना आणल्या तरी बांध राखायला घरचा माणूस घरी पाहिजे, हे मी बारा ठिकाणी फिरून शिकलो. पदविकेच्या पुस्तकात ते नव्हतं.

उचलीशिवाय हातात येणारा दुसरा रोख पैसा म्हणजे आमचूर. चैत्र-वैशाखात गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवायच्या, साली काढायच्या, फोडी करून खडकावर वाळवायच्या. बहुतेक काम बायकांच्या हातचं. मे महिन्यात एखादी वळवाची सर आली की फोडी काळ्या पडतात आणि भाव निम्म्यावर येतो. चांगला पांढरा माल झाला तरी तो त्याच आठवड्यात धडगावच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. पावसाळ्यात भाव काय झाला ते बघायला घरात माल उरतच नाही, कारण पेरणी तोंडावर आलेली असते. म्हणजे इथंही अडचण तीच. वेळेवर पैसा नाही, म्हणून माल थांबवता येत नाही.

मग बँक कशाला आहे? इथं खरी गोष्ट सुरू होते.

डोंगरातली पुष्कळ शेती वनजमिनीवरची. वनहक्क कायदा २००६ साली झाला, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत होता त्याला त्या जमिनीचा हक्क, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर. हक्क वारसांना जातो, पण जमीन विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ही अट आदिवासींची जमीन वाचावी म्हणून घातलेली आहे, आणि ती योग्यच आहे. पण नेमकं याच अटीवर बोट ठेवून पट्टाधारकाला बँकेच्या दारातून परत पाठवलं जातं.

मी स्वतः एका पट्टाधारकाबरोबर एका शाखेत गेलो होतो. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पट्टा जपून बाहेर काढला. साहेबांनी तो हातातही घेतला नाही. ‘सातबारा आणा,’ एवढंच म्हणाले. सातबाऱ्यावर मालकाच्या जागी सरकार किंवा वनविभाग, याचं नाव असलंच तर इतर हक्कात. परत येताना तो जीपमध्ये मला म्हणाला, ‘साहेब, मग हा कागद सरकारने कशाला दिला?’ मला काही उत्तर देता आलं नाही.

बँकेचीही बाजू आहे. जमीन गहाण घेता येत नाही, सातबाऱ्यावर बोजा चढवायला अडचण, वसुलीला वीस पाड्यांत कोण फिरणार? पण गहाणाचा मुद्दा छोट्या कर्जाला लागूच होत नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून तारणाशिवाय शेतीकर्ज देण्याची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये केली. एकरा-दोन एकरांवर ज्वारी-मका घेणाऱ्याचं पीककर्ज या मर्यादेच्या कितीतरी खाली राहतं. जिथं तारण मागायचंच नाही, तिथं ‘जमीन गहाण पडत नाही’ हे कारण सांगण्यात अर्थ काय? पीएम-किसानसाठी हाच पट्टाधारक शेतकरी धरला जातो आणि वर्षाला ६ हजार रुपयांना पात्र ठरतो. बँकेच्या काउंटरवर गेला की तो शेतकरी राहत नाही, ही गोष्ट मला तरी पटत नाही.

त्यात आता शेतकरी ओळख क्रमांकाची भर पडली आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. क्रमांक काढायला विरोध नाही, पण ही सगळी रचना सातबाऱ्याच्या खात्यावर उभी आहे. म्हणून पट्टाधारकांनी ही नोंद सेवा केंद्रातल्या पोराच्या भरवशावर सोडू नये. तलाठ्याकडे स्वतः जाऊन पट्ट्याची नोंद गावदप्तरी कशी आणि कुठे घेतली आहे ते डोळ्यांनी बघावं. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या बदलल्या, पाड्यावर मात्र तलाठी तो तलाठीच.) पट्टा ज्याच्या नावावर होता तो माणूस वारला असेल तर वारसाची नोंद पहिल्यांदा करून घ्या. बाप जाऊन वर्षं झाली आणि कागद बापाच्याच नावाने फिरतोय, अशी उदाहरणं दर गावात सापडतील.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक सांगणं आहे. एकटा शेतकरी बँकेत गेला तर तोंडी नकार घेऊन येतो. तोंडी नकाराची कुठेच दाद लागत नाही. पट्टाधारकांचे अर्ज गावाने एकत्र करा, सोबत पट्ट्याच्या साक्षांकित प्रती, पीकपेऱ्याचा दाखला आणि नवरा-बायको दोघांची आधार कार्डं लावा. पट्टा दोघांचा आहे, सह्या दोघांच्या लागतील, तेव्हा बाईला घरी ठेवून जाऊ नका. अर्जाची पोच मागा, नाकारला तर कारण लेखी मागा. असे पंधरा-वीस लेखी नकार घेऊन तहसीलदारांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलात तर त्यावर बैठक लावता येते. ‘बँकवाले देत नाहीत हो’ एवढ्यावर कोणी बैठक लावत नाही.

आणि हे जूनमध्ये करून चालणार नाही. खरिपाचं कर्जवाटप एप्रिलपासून सुरू होतं. भोंगऱ्या बाजार आणि होळीला फडावरची माणसं गावात येतात, तेव्हा नवरा-बायको दोघंही घरी सापडतात. होळी झाली की काही कोयते पुन्हा फडावर जातात. म्हणजे सह्या घ्यायला आणि कागद गोळा करायला तेवढेच आठ-दहा दिवस मिळतात.