वायुभारमापक कोणासाठी?

हवेचा दाब उतरू लागला की मासे गळाला अधिक लागतात, असा समज गळ टाकून बसणाऱ्यांत देशोदेशी रूढ आहे. त्यात तथ्य किती? पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाबात सुमारे १००० मिलिबारची भर पडते. वादळात हवेचा दाब ३० मिलिबारने उतरला, तरी माशाच्या लेखी तो फूटभर वर येण्याइतकाच फरक! मासळीच्या वागण्यात बदल होतच असेल, तर त्याचे कारण वारा, लाटा आणि गढूळ पाणी यांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

वायुभारमापकाची खरी गरज आहे ती माणसाला. ब्रिटनमध्ये ॲडमिरल फिट्झरॉय यांनी हे ओळखून गरीब मच्छीमारांच्या बंदरांवर ही उपकरणे बसविली. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ जहाज बुडून सुमारे साडेचारशे जीव गेले; १८६१ पासून त्यांनी वादळाचे इशारेही सुरू केले.

कोकणाने ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ अनुभवले. दर्यावर गेलेले कित्येक परतले नाहीत. आज इशारे वेळेवर मिळतात. परंतु ते पाळण्याची किंमत कोणी मोजावयाची? डिझेल आणि बर्फ भरलेली नौका धक्क्यावर उभी राहिली, तरी खलाशांचे पोट आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी दर्यात नौका लोटणाऱ्याला अविचारी ठरविणे सोपे आहे. इशाऱ्याच्या दिवसांची भरपाई त्याला हक्काने मिळेल, तेव्हाच तो इशारा खऱ्या अर्थाने किनाऱ्यावर पोहोचला असे म्हणता येईल.