अहवालातली एक ओळ आणि स्नो स्कूटरचं इंजिन

सियाचिनवर मी ईएमईचा कॅप्टन म्हणून होतो, तेव्हाची एक सही मला अजून खुपते. एका स्नो स्कूटरचं इंजिन वाटेत जाम झालं होतं. डिफेक्ट रिपोर्टमध्ये कारण म्हणून मी लिहिलं: 'चालकाने इंजिन पुरेसं गरम न करता भार दिला.' खाली सही, शिक्का, तारीख. फाइल बंद झाली.

चालक गढवालचा एक नाईक होता. त्याने मला त्याच दिवशी सांगितलं होतं, "साब, दस मिनट गरम किया था. घड़ी देखके." मी मान हलवली आणि तरी तेच लिहिलं.

झालं असं होतं. वरच्या एका कॅम्पवर एका जवानाला हेपो झाला, म्हणजे फुफ्फुसात पाणी. यावर खरा इलाज एकच, रुग्णाला लवकरात लवकर खाली आणणं. रात्र होती, ढग उतरलेले होते, हेलिकॉप्टरचा प्रश्नच नव्हता. स्कूटर मागे स्लेज जोडून वर गेली, जवानाला बांधून निघाली आणि अर्ध्या वाटेवर एक आवाज करून थांबली. दोरखेचचा दांडा हलेना. मग सहा जणांनी ती स्लेज हाताने ओढली. पहाटे ते खालच्या कॅम्पवर पोहोचले. जवान वाचला. ओढणाऱ्यांपैकी एकाच्या दोन बोटांची टोकं गेली.

दोन दिवसांनी इंजिन माझ्यासमोर उघडलं. ते टू-स्ट्रोक होतं, त्या वेळच्या मानाने अगदी नवं, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं. पिस्टनवर ओरखडे होते, म्हणून 'थंड इंजिनाला भार' हे कारण सोपं होतं. थंड इंजिन एकदम ताणलं की अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन गरम होऊन फुगतो, सिलिंडर मात्र भोवतीच्या थंड पाण्यामुळे तेवढ्या वेगाने फुगत नाही आणि पिस्टन अडकतो. हे प्रत्येक पुस्तकात आहे. पण खाली क्रँकच्या बेअरिंगची जाळी तुटलेली होती आणि पोलाद निळं पडलं होतं. निळं पोलाद म्हणजे तेल न मिळता तापलेलं पोलाद. मी ते पाहिलं होतं. माझ्यासोबतच्या हवालदाराने बोट ठेवून दाखवलंही होतं.

इथे थोडं तांत्रिक बोलावं लागेल. ज्यांनी बजाजची स्कूटर तिरकी करून किक मारली आहे किंवा पंपावर 'टूटी ऑइल टाक रे' म्हटलं आहे, त्यांना कठीण नाही. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं. ते मिश्रण आधी क्रँकच्या पेटीतून जायचं, बेअरिंगला न्हाऊ घालायचं, गार करायचं आणि मग वर जाऊन जळायचं. धूर व्हायचा, प्लग काळे व्हायचे, पेट्रोल वाया जायचं. नव्या पद्धतीत पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जातं. धूर कमी, खप कमी, चालू व्हायला सोपं. पण आता क्रँकच्या बेअरिंगला पेट्रोलचं ते न्हाण मिळत नाही. एका बारीक पंपाने मोजून पाठवलेले तेलाचे थेंब, एवढ्यावरच त्याचा संसार. उणे ३५-४० ला तेल मधासारखं घट्ट झालं, नळीत हवेचा बुडबुडा राहिला किंवा टाकीत चुकीच्या प्रतीचं तेल पडलं, तर इंजिन वरून छान चालत राहतं आणि खाली बेअरिंग कोरडं पडत जातं. चालकाला काही कळत नाही.

त्या रात्री तेल आम्ही भरलेलं होतं, पंप कंपनीचा होता. नेमका दोष कोणाचा, हे शोधायला तेलाचा नमुना काढायला हवा होता, पंप तपासायला पाठवायला हवा होता. मी दोन्ही केलं नाही. 'चालकाची चूक' लिहिलं की पत्रव्यवहार होत नाही, पुरवठादाराशी वाद होत नाही, भांडारातल्या तेलाची चौकशी होत नाही. कंपनीचं नाव मी इथे सांगणार नाही. एका इंजिनवरून कंपनी ठरवणं हीही तीच चूक झाली असती, उलट्या बाजूने.

सांगायचं आहे ते हे की डोंगरातल्या आधुनिक स्नोमोबिलच्या गुणवत्तेबद्दल आपण बोलतो तेव्हा ती कोणासाठी बनवलेली आहे हे विसरतो. या यंत्राचा जन्म फार वेगळ्या गरजेतून झाला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट गावचा मेकॅनिक जोसेफ-आर्मांड बोम्बार्दिए. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आजारी पडला, बर्फाने रस्ते बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, मूल गेलं. बर्फावर चालणारी गाडी बनवायचा त्याचा खटाटोप आधीपासून चालू होता, पुढे त्यातूनच १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. म्हणजे या गाडीच्या कुळकथेतच एक रुग्ण आहे, ज्याला वेळेवर पोहोचवता आलं नाही.

आज बाजार बदलला आहे. 'माउंटन' म्हणून जी गाडी विकली जाते ती अमेरिका-कॅनडाच्या डोंगरात, शनिवार-रविवारी, भुसभुशीत बर्फात चढावर उड्या घेणाऱ्या हौशी माणसासाठी असते. अरुंद, लांब पट्ट्याची आणि शक्य तेवढी हलकी. स्पर्धा आहे ती किलोमागे किती हॉर्सपॉवर याची. ८५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन १६५ हॉर्सपॉवरच्या आसपास देतं. दीड टनाच्या मोटारीला पुरून उरेल एवढी ताकद, अडीचशे किलोच्या आतबाहेरच्या गाडीत. इतकं पिळून काढलेलं इंजिन हौशी माणसाने जपून वापरलं, दर हंगामाला दुकानात नेलं, बिघडलं तर वॉरंटीत बदलून घेतलं, तर चांगलंच आहे. वाईट यंत्र आहे असं मी म्हणत नाही.

पण उंचीचा हिशेब बघा. २०२० च्या मॉडेलमध्ये स्की-डूने कारखान्यातूनच टर्बो बसवलेलं टू-स्ट्रोक इंजिन आणलं. अभियांत्रिकी म्हणून खरोखर कौतुकाची गोष्ट. त्यांचा दावा होता की ८,००० फुटांपर्यंत पूर्ण १६५ हॉर्सपॉवर मिळते. आपला सियाचिन बेस कॅम्पच १२,००० फुटांवर आहे. म्हणजे त्यांचं माहितीपत्रक जिथे संपतं, तिथून चार हजार फूट वर आपली गाडी पहिल्यांदा चालू होते. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण निम्मी होते. आणि आपल्याकडे तिला उड्या मारायच्या नसतात, मागे केरोसिनच्या जेरीकॅनने भरलेली स्लेज ओढायची असते, बैलासारखी, खालच्या वेगात, तासन् तास.

त्यातून अशा गोष्टी घडतात ज्या माहितीपत्रकात नसतात. या गाडीला मोटारीसारखा समोर रेडिएटर नसतो. पट्टा मागे उडवतो तो बर्फ बोगद्याच्या छताला लागून वितळतो आणि तेवढ्यावर इंजिनाचं पाणी गार होतं. ग्लेशियरवर उघडा निळा बर्फ लागला की भुसा उडत नाही. बाहेर उणे ३० आणि इंजिन उकळतंय, हे दृश्य नव्या माणसाला खरं वाटत नाही. यावर उपाय म्हणून बर्फ खरवडणाऱ्या स्प्रिंगच्या तारा खाली लावतात, साध्याच वस्तू. मागे घेताना वर बांधायला विसरलं की तुटतात, आणि मग त्या कमी किमतीच्या तारेसाठी आपण आठवडे वाट बघतो. बेल्टचंही तेच. एकट्या माणसासाठी जुळवलेली क्लच ओझं ओढायला लागली की बेल्ट घसरतो, तापतो, तुटतो. क्लचमधली वजनं उंचीप्रमाणे बदलायची असतात. आमच्या काळात ती वजनं आली होती, पण वेगळ्या खोक्यात, वेगळ्या वर्षी.

इथे काही निवृत्त मंडळी म्हणतील (म्हणतातच, परवाच एका सुभेदार साहेबांशी फोनवर यावर वाद झाला) की आमच्या जुन्या कार्बोरेटरच्या स्कूटर बऱ्या होत्या, एक प्लग पाना आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरायचा. साहेब, आदर ठेवून सांगतो, हे अर्धंच खरं आहे. कार्बोरेटरचा जेट उंचीप्रमाणे बदलावा लागायचा. वर जाताना लहान जेट घातला नाही तर प्लग काळे होऊन गाडी बंद. आणि वरचा लहान जेट तसाच ठेवून खाली आलं तर पेट्रोल कमी पडून पिस्टनला भोक. हातमोजे काढून जेट बदलताना किती जणांची बोटं गारठली, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. नवीन इंजिनातला संगणक हवेचा दाब स्वतः मोजतो आणि पेट्रोल स्वतः कमी-जास्त करतो. पहाटे चालू होण्यात नवी गाडी जुनीपेक्षा कितीतरी बरी आहे.

फरक बिघडण्यात नाही, बिघडल्यानंतर आहे. जुनी गाडी रोज थोडी थोडी बिघडायची आणि जवान ती जागेवर दुरुस्त करायचा. नवी क्वचित बिघडते, पण बिघडली की तंबूतल्या माणसाच्या हातात काही राहत नाही. एखादा सेन्सर गेला तर लॅपटॉप हवा, लॅपटॉपला केबल हवी, आणि त्या थंडीत लॅपटॉपची बॅटरी किती टिकते ते विचारू नका. बर्फात अडकलेल्या माणसासाठी विश्वासार्हता म्हणजे 'किती तासांनी बिघडते' एवढंच नाही. 'बिघडली तर मी काय करू शकतो' हे त्यात आलं.

म्हणून माझं मत असं आहे की ग्लेशियरवर आपल्याला 'माउंटन' गाडी नको. नाव फसवं आहे. आपल्याला हवी आहे ती फिनलंड-नॉर्वेतल्या रेनडिअर पाळणाऱ्यांची कामकरी गाडी: रुंद पट्टा, खालचा गिअर, जड, मंद, शक्यतो फोर-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकमध्ये बेअरिंगला दाबाखाली फिरतं तेल मिळतं आणि दाब पडला तर लाल दिवा लागतो. त्या रात्री असा एक दिवा असता तर नाईकने गाडी थांबवली असती. फोर-स्ट्रोक जड असते, खोल भुसभुशीत बर्फात रुतते, थंडीत तिचं तेलही घट्ट होतं, हे मान्य. पण आपल्या बहुतेक फेऱ्या मळलेल्या वाटेवरच्या असतात.

हे लवकर ठरवायला हवं, कारण दुकानं बंद होत आहेत. फोर-स्ट्रोकसाठी नावाजलेली यामाहा १९६८ पासून या गाड्या बनवत होती. २०२३ मध्ये तिने या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, २०२५ चं मॉडेल शेवटचं. आर्क्टिक कॅटचं उत्पादन तिच्या मालक कंपनीने २०२४ च्या अखेरीस थांबवलं आणि पुढच्या वर्षी ती विकून टाकली. बनवणारे कमी झाले की त्यांना आपल्यासारख्या लहान गिऱ्हाइकाची गरज उरत नाही. आपण वर्षाला किती गाड्या घेणार? त्यांच्या एका डोंगरी शहरातलं एक दुकान त्याहून जास्त विकत असेल.

अशा गिऱ्हाइकाकडे एकच ताकद असते, माहिती. जगात इतक्या उंचीवर, इतकं ओझं घालून, वर्षानुवर्षं या गाड्या चालवणारं दुसरं सैन्य सहज सापडणार नाही. ऑपरेशन मेघदूत १९८४ चं. चार दशकांत किती पिस्टन, किती बेअरिंग, किती बेल्ट आपण बदलले असतील! त्या प्रत्येकाची उंची, तापमान, ओझं, तेलाची प्रत आणि तुटलेल्या भागाचा फोटो जपून ठेवला असता, तर आज आपण खरेदीच्या टेबलावर ऐकून घेणारे नसतो, सांगणारे असतो. चाचणी बेस कॅम्पच्या वर, जानेवारीत, स्लेज जोडून, रात्रभर उघड्यावर ठेवून झाली पाहिजे, आणि उघडलेलं इंजिन पुरवठादाराच्या माणसासमोर उघडलं पाहिजे.

पण माझ्यासारखे अधिकारी 'चालकाची चूक' लिहीत राहिले, तर त्या ढिगातून निघणार काय? सगळी इंजिनं उत्तम आणि सगळे जवान निष्काळजी. आजही माझ्याकडे येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना मी रिपोर्ट परत पाठवतो तो बहुतेक याच ओळीवरून. विचारतो, तेलाचा नमुना कुठे आहे? ते चिडतात. चिडू देत.

नाईकला त्या अहवालामुळे शिक्षा झाली नाही, पण ग्लेशियरवरच्या उरलेल्या दिवसांत त्याला स्कूटर दिली गेली नाही. तो पायी ओझी वाहत होता. मला भेटला की सॅल्यूट करायचा, नेहमीसारखा. मी त्याला कधी काही बोललो नाही. माझ्या प्रतीत त्या रात्रीच्या तापमानाचा रकानाही कोराच आहे.