साहेबांच्या शाळेत आमचाही धडा हवा

आपल्याला शिकवायला पुष्कळ जण येतात. बचत गटाचं शिबिर होतं, कोंबडीपालनाचं होतं, हात कसे धुवायचे याचंसुद्धा होतं. वनहक्क समितीवरच्या माणसांनी तर इतकी शिबिरं केलीत की तिथल्या खिचडीची चव त्यांना पाठ झाली आहे. पण ज्यांच्या एका सहीवर आपली जमीन राहते नाही तर जाते, त्या न्यायाधीशांना कोण शिकवतं?

खूप साथींना वाटतं, माणूस एकदा न्यायाधीश झाला की त्याचं शिकणं संपलं. तसं नाही. भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे, आणि सगळ्या देशासाठीची भोपाळला आहे. नोकरीत असलेल्या न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाची सोय केंद्रात आणि राज्याराज्यांत करा, असं सर्वोच्च न्यायालयानेच १९९१ साली सांगितलं होतं. नवे न्यायाधीश तिथे शिकतात, जुने मधूनमधून उजळणीला जातात. हे चांगलंच आहे. कायदे बदलतात, तसं कायदा चालवणाऱ्यानेही शिकत राहायला हवं.

आता तालुक्याच्या कोर्टात काय चालतं ते बघा. वनहक्काचा दावा उपविभागीय समितीकडे पडून असतो, आणि तिकडे त्याच जमिनीवर १९२७ च्या वन कायद्याखाली अतिक्रमणाची केस चालू असते. २००६ चा कायदा कलम ४(५) मध्ये स्पष्ट सांगतो की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढायचं नाही. तरी कोर्टात पहिला प्रश्न येतो, ‘सातबारा आहे का?’ अहो, सातबारा असता तर आम्ही दावा कशाला केला असता?

पुराव्याचा नियम १३ वा. त्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा धरला आहे. बांध, विहीर, स्मशान, देवाची जागा हेही पुरावे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीत तर समित्यांना बजावलं की अमुकच कागद आणा असा हट्ट धरू नका. २०२४ पर्यंत लागू असलेल्या ज्या १८७२ च्या पुरावा कायद्यावर न्यायाधीश वाढले, तोही तोंडी साक्षीला पुरावाच मानत होता. म्हणजे कायदा आमच्या बाजूला आहे. अडतं ते आमचं जगणं माहीत नसल्यामुळे.

वरकस जमिनीचंच घ्या. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी, आणि पुढची काही वर्षं जमीन विसाव्याला सोडायची. त्या विसाव्याच्या वर्षी गार्ड पंचनामा करतो आणि लिहितो, ‘पीक नाही, कब्जा नाही.’ कोर्टात तो कागद बोलतो. म्हातारा सांगतो, ‘साहेब, ती जमीन दमली होती.’ कोर्टात हसू येतं. ज्याने ही शेती कधी पाहिलीच नाही, त्याला हे बहाणं वाटणारच. क्षेत्र किती, असं विचारलं तर आमची बाई सांगते, ‘चार पायलीचं रान.’ किती बी लागतं त्यावरून ती जमीन मोजते. तिला हेक्टर ठाऊक नाही, म्हणून ती खोटी ठरते.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नाही. मोठ्या माणसासमोर आमचा माणूस ‘हो’ म्हणतो. प्रश्न कळला तरी हो, नाही कळला तरी हो. सरकारी वकील विचारतो, ‘ही जमीन फॉरेस्टची आहे ना?’ ‘हो साहेब.’ झाली कबुली! त्या ‘हो’मध्ये किती कबुली आहे आणि किती भीती, हे ओळखायला न्यायाधीशाला कुणीतरी शिकवायला नको का?

अकादमीत वनहक्कावर एखादं व्याख्यान असेलही. पण व्याख्यानाने वरकस कळत नाही. न्यायाधीशांना जागेवर पाठवण्याचं काम सर्वोच्च न्यायालयाने स्वतः केलेलं आहे. १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरकडच्या वनवासी सेवा आश्रमाच्या केसमध्ये त्याने सांगितलं की दुद्धी आणि रॉबर्ट्सगंज तालुक्यांतल्या आदिवासींच्या दाव्यांची अपिलं ऐकायला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांना त्याच भागात बसवा. २०१३ मध्ये ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर १२ ग्रामसभा झाल्या. त्याही न्यायालयाच्या हुकमाने, आणि जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून समोर बसवून. डोंगरिया कोंध बायाबाप्ये आपापल्या बोलीत बोलले आणि बाराच्या बारा सभांनी खाणीला नाही म्हटलं. न्यायाधीशाने आदिवासींचं म्हणणं त्यांच्याच गावात बसून ऐकलं, याहून चांगलं प्रशिक्षण आम्हाला माहीत नाही.

काही वकील मित्र म्हणतात, न्यायाधीश स्वतंत्र असतो, त्याला बाहेरच्यांनी शिकवणं म्हणजे दबाव. दबाव आम्हालाही नको. दबाव टाकण्याइतके पैसे आमच्याकडे नाहीत, ज्यांच्याकडे आहेत त्यांचा अनुभव मात्र आम्हाला आहे. म्हणून आमची मागणी जपून केलेली आहे. ज्या तालुक्यात न्यायाधीश बसतो तिथल्या पाड्यावर त्याला नेऊ नये, दुसऱ्या जिल्ह्यात न्यावं. चालू केसवर एक शब्द नको. उजळणीच्या वर्गातला एक दिवस पाड्यावर काढावा, शिवार फिरावं, आणि त्या दिवशी मास्तर म्हणून गावातली जाणती बाई किंवा बाप्या असावा. शिकवायचा भत्ता इतर व्याख्यात्यांना जो मिळतो तोच त्यांना मिळावा, कमी घेणार नाही.

खालच्या कोर्टांवर देखरेख उच्च न्यायालयाची असते, म्हणून ठराव तिथेच पाठवायचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे महाप्रबंधक यांच्या नावाने स्पीड पोस्टाने धाडा आणि एक प्रत उत्तनच्या अकादमीला. ठरावाचा नमुना मागच्या पानावर छापला आहे. त्यात शिकवायला कोण जाणार त्यासाठी जागा रिकामी ठेवली आहे. तिथे पुढाऱ्याचं नाव घालू नका, ज्याने स्वतः राब भाजलाय त्याचं घाला. पोस्टाची पावती जपून ठेवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.